निःशस्त्राची साक्ष : त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा
(धर्मग्रामाच्या महोत्सवी वर्षात झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



महोत्सव हा स्मरणाचा काळ होय. आपल्या देवमंदिराचा पाया कोणी घातला, घंटेकरिता कोणी वर्गणी गोळा केली, कोणत्या फादरांनी पावसाळ्यात चिखल तुडवीत आजाऱ्यांस शेवटचे संस्कार दिले, या गोष्टी वर्षभर आपण एकमेकांस सांगत आहो. असे असता कार्यकारी मंडळाने आम्हांस आज्ञा केली की, एक भाषण देशाकरिता झिजलेल्या एखाद्या पुरुषाविषयी व्हावे. आज्ञा मान्य करून आम्ही उभे आहो. आम्ही वक्ते नव्हे. तेव्हा जे तुटकमुटक बोलले जाईल ते गोड करून घ्यावे, एवढी विनंती.

ज्यांचे नाव आम्ही घेणार आहो ते आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेही नसेल. गोव्याचे त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा. गोमंतकीय लोक त्यांस गोव्याच्या राष्ट्रवादाचे जनक म्हणतात. त्यांचे नाव निवडण्यास एक घरगुती कारण आहे, ते आधी सांगतो.

आम्ही लहान असताना शाळेतील सोबती कधी थट्टेने, तर कधी रागाच्या भरात आम्हांस विचारीत, "तुम्ही पोर्तुगीजांचेच ना?" आमचे आडनाव पोर्तुगीज, म्हणून आमची मायभूमीही पोर्तुगाल असावी, असा त्यांचा हिशेब. आम्ही घरी येऊन हे सांगितले, तेव्हा वडील हसले, परंतु एक म्हातारे नातलग मोठ्या अभिमानाने म्हणाले, "मग काय वाईट झाले? त्यांच्यामुळेच तर आपण ख्रिस्ती!" बालबुद्धीस तेव्हाही कळले की, सोबत्याचा टोमणा आणि नातलगाचा अभिमान ही एकाच झाडाची दोन फळे. दोघांचीही समजूत एकच : श्रद्धा आणि परकी सत्ता यांचे नाते अतूट आहे. ही समजूत खोटी ठरविण्याकरिता एका माणसाने आपल्या आयुष्याची उत्तम वर्षे तुरुंगात व हद्दपारीत घालविली. त्याचीच ही कथा आहे.

आपल्या वसईचा इतिहास क्षणभर डोळ्यांपुढे आणा. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाने वसई पोर्तुगीजांस दिली. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजेने ती जिंकली. दोनशे पाच वर्षे फडकलेला झेंडा खाली उतरला; गोरे अधिकारी, सरदार आणि बहुतेक युरोपीय धर्मगुरू निघून गेले. किल्ल्यातील मोठमोठी देवळे ओस पडली; त्यांच्या भिंतींवर आज वडापिंपळाची मुळे चढली आहेत. मग ख्रिस्ती धर्मही गेला काय? आपण येथे बसलो आहो, हेच त्याचे उत्तर! देशी धर्मगुरूंनी कळप सांभाळला, आयांनी लेकरांस प्रार्थना शिकविल्या, आणि पेशव्यांच्या राज्यात व नंतर इंग्रजांच्या राज्यात श्रद्धा जिवंत राहिली. झेंड्यावाचून श्रद्धा जगते, हा धडा आपल्या पूर्वजांस १७३९ साली मिळाला. गोव्याच्या ख्रिस्ती बांधवांस मात्र तो धडा मिळण्यास आणखी सव्वादोनशे वर्षे लागावयाची होती.

कुन्हा यांचा जन्म २ एप्रिल १८९१ रोजी सासष्टीतील चांदोर गावी झाला. घराणे कॅथलिक, सुखवस्तू आणि सुशिक्षित. अशा घरच्या मुलाने पोर्तुगीज शिकावे, सरकारी हुद्दा मिळवावा आणि मानाने जगावे, ही त्या काळची वहिवाट. कुन्हा निराळ्या वाटेने गेले. पणजीत प्रारंभीचे शिक्षण झाल्यावर ते फ्रेंचांच्या पाँडिचेरीत शिकले आणि तेथून पॅरिसला जाऊन त्यांनी विजेच्या इंजिनिअरिंगची पदवी घेतली. युरोपात राहून पुष्कळ तरुण युरोपीय बनतात. हा तरुण तेथे राहून हिंदी बनला. हिंदुस्थानात गांधीजींची चळवळ चालली होती. तिची हकीकत फ्रेंच वाचकांस कळावी म्हणून त्यांनी तेथील नियतकालिकांत लेखन केले. पॅरिसमध्ये त्यांस सुखाने राहता आले असते; परंतु १९२६ साली ते गोव्यास परत आले.

त्या वेळचा गोवा कसा होता, हे तरुण मंडळींस ठाऊक असणे अवघड. १९२६ सालीच पोर्तुगालमध्ये लष्करी अंमल सुरू झाला. त्यातून पुढे सालाझार यांची हुकूमशाही उभी राहिली. १९३० च्या 'वसाहत कायद्या'ने गोव्याच्या लोकांस कायद्यानेच खालच्या पायरीवर बसविले. सभा भरवावयाची तर परवानगी हवी. ओळ छापावयाची तर आधी सेन्सॉरची मान्यता हवी. लग्नाची निमंत्रणपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या हाताखालून गेल्याशिवाय छापता येत नसे! ज्या राज्यास लग्नाच्या पत्रिकेची भीती वाटते, ते राज्य स्वतःविषयी किती साशंक असेल, याची आपणच कल्पना करावी.

अशा ठिकाणी कुन्हांनी १९२८ साली गोवा काँग्रेस कमिटी स्थापन केली, आणि त्याच वर्षी कलकत्त्याच्या अधिवेशनात राष्ट्रसभेने तिला आपली शाखा म्हणून मान्यता दिली. पुढे १९३४ साली, गोवा ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर आहे या कारणास्तव ती मान्यता काढून घेण्यात आली. ज्या घरास आपले म्हटले त्या घरानेच दार लोटून घ्यावे, याचे दुःख लहान नसते. कुन्हांनी त्याचा बाऊ केला नाही व कामही सोडले नाही. गोव्याच्या गरीब कुणबी मजुरांस आसामातील चहाच्या मळ्यांवर नेण्यात आले, तेव्हा त्यांच्या हालअपेष्टांविरुद्ध त्यांनी लिहिले आणि त्यांस परत आणविण्याची खटपट केली. मोठ्या घरचा हा इंजिनिअर कुणब्यांची कैफियत मांडीत होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कारण देशभक्ती झेंड्यापासून सुरू होते असे पुष्कळांस वाटते; ती शेजाऱ्याच्या भाकरीपासून सुरू होते.

त्यांच्या लेखनात १९४४ साली प्रसिद्ध झालेली एक लहान पुस्तिका विशेष गाजली. गोमंतकीयांचे राष्ट्रीयत्व कसे हिरावले गेले, हा तिचा विषय. परकी सत्ता मुलूख घेते, कर घेते, हे सर्वांस दिसते. परंतु ती माणसाच्या मनात शिरून त्यास आपल्याच भाषेची, आपल्याच वेषाची, आपल्याच शेजाऱ्याची लाज वाटावयास लावते, हे सहसा दिसत नाही. १६८४ साली गोव्यात कोंकणी बोलण्यावर बंदी घालणारे फर्मान निघाले होते. फर्मानाने भाषा मेली नाही. परंतु घरात कोंकणी बोलणे हे चाकरांचे आणि पोर्तुगीज बोलणे हे धन्याचे, अशी भावना रुजली. कुन्हांचा रोख या भावनेवर होता. राजकीय गुलामगिरी एका दिवसात संपू शकते. मनाची गुलामगिरी ज्याची त्यानेच काढून टाकावी लागते, असा त्या पुस्तिकेचा आशय आम्ही समजतो.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. राजसत्तेशी हातमिळवणी केल्याबद्दल कुन्हांनी ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांसही कठोर शब्द सुनावले आहेत. त्यांचे प्रत्येक वाक्य आपणांस पटेलच असे नाही, आणि त्यांस संत ठरविण्याचाही आमचा हेतू नाही. परंतु जो वैद्य कडू औषध देतो त्यास शत्रू म्हणू नये. धर्मास राजाच्या सिंहासनाशी बांधले, म्हणजे सिंहासन हलते तेव्हा धर्मही हलल्यासारखा दिसतो. आणि देशाची भाषा सोडल्यावाचून ख्रिस्ती होता येत नाही, असे तर कधीच नव्हते. याच गोव्यात रायतूर येथे १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले, आणि ते मराठी ओव्यांत आहे! इंग्लंडात जन्मलेल्या धर्मगुरूस जे उमगले, ते आमच्याच काही लोकांस पुढे उमगेनासे झाले, हे नवल नव्हे काय?

आता १९४६ सालाकडे वळू. डॉ. राममनोहर लोहिया हे आपले मित्र डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्या असोळणा येथील घरी विश्रांतीकरिता आले होते. गोव्यात बोलण्याचीही मोकळीक नाही हे पाहून दोघांनी १८ जून रोजी मडगावात बंदी मोडून सभा घेण्याचे ठरविले. पावसाचे दिवस. लोक मात्र लोटले. सभा भरताच दोघांस पकडण्यात आले. परंतु शेकडो वर्षांचे भय त्या दिवशी फुटले. गावोगाव लोक निःशस्त्र बाहेर पडले, बंदी मोडू लागले, मार खाऊ लागले. महात्मा गांधींनीही गोव्याविषयी आपल्या 'हरिजन' पत्रात लिहिले व तेथील गव्हर्नरास पत्र पाठविले.

कुन्हांचे वय त्या वेळी पंचावन्न. या वयात माणसे पेन्शनचा विचार करतात. १२ जुलै रोजी त्यांस पकडून आग्वादच्या किल्ल्यातील अंधाऱ्या, ओलसर कोठडीत टाकण्यात आले. त्यांच्यावरील खटला नेहमीच्या न्यायालयात न चालविता लष्करी न्यायालयापुढे चालविण्यात आला. गोव्यात अशा रीतीने चौकशी झालेले ते पहिले नागरिक होत. त्यांनी कोणास मारले नव्हते, कोठे आग लावली नव्हती. हाती लेखणी आणि तोंडी शब्द, एवढेच त्यांचे हत्यार. शिक्षा झाली आठ वर्षांची, आणि तीही स्वदेशात भोगावयाची नव्हे. त्यांस पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात पाठविण्यात आले. डॉ. राम हेगडे, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे आणि पत्रकार लोयोला या सहकाऱ्यांच्या वाट्यासही तीच हद्दपारी आली. या नावांकडे लक्ष द्यावे. हिंदू व ख्रिस्ती एकाच गुन्ह्याकरिता एकाच किल्ल्यात गेले. त्यांचा देश एक होता, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता हवा?

पेनिश हे अटलांटिक महासागराच्या काठचे गाव. वसईच्या किल्ल्याच्या तटास खाडीचे पाणी लागते, तेथे महासागराच्या लाटा आदळतात. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देशभर तिरंगा चढला, लोकांनी रस्त्यांत मिठाई वाटली. त्या दिवशी कुन्हा हजारो कोसांवर त्या किल्ल्यात बंदिवान होते. ज्या स्वातंत्र्याकरिता त्यांनी वीस वर्षे लेखणी झिजविली, ते देशास मिळाले. त्यांच्या गोव्यास मिळाले नाही, आणि त्यांसही मिळाले नाही. तरुण मित्रांनो, फासावर चढणाऱ्या वीराचे चित्र आपण भिंतीवर लावतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्याचे बलिदान एका क्षणात होत नाही, दिवसामागून दिवस, एकेका सकाळी होत राहते, त्याचे चित्र कोणी काढीत नाही. म्हणून त्याची आठवण मुद्दाम ठेवावी लागते.

आणखी एक गोष्ट. त्याच पेनिशमध्ये सालाझार यांनी पोर्तुगालच्या स्वतःच्या नागरिकांसही डांबले होते. स्वातंत्र्य मागितले एवढाच त्यांचाही अपराध. १९७४ च्या राज्यक्रांतीनंतरच त्या कोठड्या उघडल्या. यावरून स्पष्ट होते की, कुन्हांचा झगडा पोर्तुगीज माणसाशी नव्हता, जुलमाशी होता. जुलमी सत्ता परक्यास गुलाम करते आणि स्वकीयासही सोडीत नाही.

१९५० साली कुन्हांची तुरुंगातून सुटका झाली, परंतु स्वदेशी परतण्याची मोकळीक मिळाली नाही. अखेर १९५३ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, ते पोर्तुगालमधून निसटले आणि पॅरिसमार्गे मुंबईस पोहोचले. येथे आल्यावर तरी विश्रांती घ्यावी? त्यांनी गोव्यासाठी झटणाऱ्या निरनिराळ्या गटांस एकत्र आणण्याकरिता गोवा ॲक्शन कमिटी उभारली आणि 'फ्री गोवा' हे पत्र चालविले. सालाझार सरकारने १९५१ साली आपली राज्यघटना बदलून वसाहतींस 'सागरापलीकडील प्रांत' असे नाव दिले होते. गोवा ही वसाहतच नव्हे, तो पोर्तुगालचाच भाग. तेथील लोक कॅथलिक, म्हणून पोर्तुगीज. हिंदुस्थान आला तर धर्म बुडेल, असा डांगोरा जगभर पिटला जात होता. गोव्यातील बहुसंख्य प्रजा हिंदू होती, हे मात्र त्या डांगोऱ्यात कोठे ऐकू येत नसे.

या असत्यास उत्तर कोण देणार? दिल्लीच्या मंत्र्यांनी दिले तर जग म्हणे, हा त्यांचा स्वार्थ. हिंदू गोमंतकीयाने दिले तर पोर्तुगाल म्हणे, हा तर परधर्मीय. परंतु चांदोरच्या कॅथलिक घराण्यातला, पॅरिसमध्ये शिकलेला, पोर्तुगीज आडनावाचा माणूस उभा राहून म्हणतो की, मी हिंदी आहे आणि हे म्हटल्याबद्दल तुमच्या तुरुंगात राहून आलो आहे, तेव्हा त्या डांगोऱ्यास उत्तर उरत नाही. हीच कुन्हांची खरी कामगिरी असे आम्हांस वाटते. आपल्या भाषेत धर्माकरिता प्राण देणाऱ्यास 'रक्तसाक्षी' म्हणतात. त्या शब्दातील दुसरा भाग विसरू नये. रक्त हे साक्षीकरिता असते. कुन्हांचे रक्त सांडले नाही. परंतु साक्ष त्यांनी पुरी दिली.

ते एकटे होते असेही नाही. त्यांची भाची बेर्ता द मिनेझिस ब्रागांझा याच लढ्यात होती. पीटर आल्वारिस यांनी नॅशनल काँग्रेस गोवा या संस्थेचे अध्यक्षपद भूषविले. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली निःशस्त्र सत्याग्रही तेरेखोलच्या किल्ल्यात शिरले आणि त्यांनी तेथे तिरंगा फडकाविला. पुढच्या वर्षी त्याच दिवशी महाराष्ट्रातून व देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले हजारो सत्याग्रही गोव्याची सीमा ओलांडून गेले. पोर्तुगीज शिपायांनी गोळीबार केला आणि वीसहून अधिक निःशस्त्र माणसे प्राणास मुकली. धर्म बुडेल या भीतीचे म्हणाल, तर जुलै १९५५ मध्ये पंडित नेहरू रोमला पोप बारावे पायस यांस भेटले. आणि गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धार्मिक नाही, हे पोप महाशयांस मान्य असल्याचे त्या भेटीनंतर त्यांनी जाहीर केले. मडगावचे साधे कष्टकरी ख्रिस्ती १९४६ साली जे जगून दाखवीत होते, त्यावर रोमचेही शिक्कामोर्तब झाले.

कुन्हांस स्वतंत्र गोवा पाहावयास मिळाला नाही. २६ सप्टेंबर १९५८ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. पुढील वर्षी जागतिक शांतता परिषदेने त्यांस मरणोत्तर सुवर्णपदक दिले. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी, आणि तो भारतीय सैन्याच्या हातून मुक्त झाला, हेही खरे आहे. कोणी विचारील, मग निःशस्त्रांच्या त्यागाचा उपयोग काय झाला? आमचे नम्र उत्तर असे की, सैन्य झेंडा उतरवू शकते. परंतु मनातील झेंडा सैन्यास उतरविता येत नाही. सैन्य आले त्या दिवशी गोव्याचा ख्रिस्ती माणूस भेदरून परदेशी पळाला नाही. तो आपल्या घरात, आपल्या देवमंदिरात, आपल्या शेतात राहिला. ही भूमी माझी आहे, असे त्याच्या मनास आधी कोणी तरी सांगून ठेवले होते. सांगणाऱ्याने त्याची किंमत पेनिशमध्ये मोजली होती. आज पणजीच्या आझाद मैदानात कुन्हांचे स्मारक आहे. आपल्यापैकी पुष्कळजण संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनास जुन्या गोव्यास जातात. वाटेत पणजी लागतेच. तेथेही दोन मिनिटे थांबावे, ही आमची सूचना आहे.

आता पुन्हा आपल्या अंगणात येतो. शाळेतील सोबत्याने आज आपल्या मुलास तोच जुना प्रश्न विचारला, तर मुलाने रागावू नये व लाजूही नये. त्याने वसईच्या किल्ल्याकडे बोट दाखवून सांगावे की, पोर्तुगीज गेले आणि आम्ही राहिलो, कारण आम्ही येथलेच. आणि चांदोरच्या कुन्हांची गोष्ट सांगावी. त्याचप्रमाणे घरातील कोणी परक्या राज्याचा खोटा अभिमान मिरवू लागला, तर त्यासही तीच गोष्ट सांगावी. आडनाव कोठून आले याची लाज नको आणि गर्वही नको. आपण काय बोलतो, शेजाऱ्याकरिता काय करतो आणि अन्याय दिसला असता गप्प बसतो की नाही, यावरून आपले नाव ठरेल.

शेवटी एकच. परकी सत्ता गेली म्हणून साक्ष देण्याची वेळ संपली असे मानू नये. खोटे बोलणारे सिंहासन सालाझार यांच्याबरोबर बुडाले नाही. ते निरनिराळ्या रूपांनी उभे राहते, कधी गावच्या पंचायतीत, कधी आपल्याच मनात. तेव्हा हातात काही न घेता, कोणाचा द्वेष न करता, जे खरे आहे ते उभे राहून सांगणे आणि त्याची किंमत आपणच चुकविणे, हे त्या पुरुषाने आपणांस शिकविले. आपल्या धर्मग्रामाच्या पुढील पन्नास वर्षांत असे साक्षीदार या वेदीपुढे घडोत, अशी प्रभूचरणी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.